अकरावा-तेरावा दिवस कुणी ठरवला? कुत्रीचा माज आणि खोकडाचा हंगाम

थंडीच्या तोंडावर पाळीव कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलची पत्रं नेहमीच वाढतात. यंदा इंदूरच्या काही वाचकांनी खोकडाबद्दलही विचारलं आहे, म्हणून दोन्हींची उत्तरं एकत्र देत आहोत. पत्रांत खोकड आणि कोल्हा यांची बरीच सरमिसळ झालेली दिसली. इथे खोकड म्हणजे हिंदीतली लोमडी आणि कोल्हा म्हणजे सियार, असं धरून वाचावं.

प्रश्न : आमची लॅब्रॅडोर साडेतीन वर्षांची आहे. सलग दोन माजांना ब्रीडरच्या सांगण्यावरून ११व्या आणि १३व्या दिवशी नर लावला. दोन्ही वेळा जोडी नीट अडकली, तरी कुत्री रिकामीच राहिली. दोष कुणात असेल? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

मादी धडधाकट आहे आणि नराची पिल्लं इतर ठिकाणी झालेली आहेत असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलं आहे. मग पहिला संशय तारखेवर घ्यावा. रक्त दिसल्यापासून दिवस मोजायची पद्धत निव्वळ सरासरीवर उभी आहे. पहिल्या टप्प्यात योनी सुजते, रक्त जातं, नर मागे लागतात, पण मादी खाली बसते किंवा गुरगुरते. हा टप्पा सरासरी ९ दिवसांचा, पण एखादीत तो ३ दिवसांत आटोपतो आणि एखादीत २१ दिवस चालतो. त्यानंतरचा खरा माज, ज्यात ती शेपूट बाजूला घेऊन उभी राहते, तोही सरासरी ९ दिवसांचा आणि तितकाच बेभरवशाचा. शिवाय बऱ्याच कुत्र्या स्वतःला चाटून साफ ठेवतात. फरशीवर तुम्हाला पहिला थेंब दिसला तो तिचा चौथा दिवसही असू शकतो.

जोडी अडकली म्हणजे गाभ राहिलाच, असंही नाही. अडकणं हे नराच्या लिंगाच्या मुळाशी असलेली गाठ फुगल्यामुळे होतं. ५ मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत ते चालतं. बीजांड तयार आहे की नाही याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता मुख्य अडचण. पीयूषिका ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक एकदम उसळी घेतं आणि त्यानंतर साधारण २ दिवसांनी अंडाशयातून बीजांडं सुटतात. गाईचं बीजांड सुटतं तेव्हा फळायला तयार असतं आणि काही तासांत वाया जातं. कुत्रीचं बीजांड मात्र कच्चंच सुटतं. अंडनलिकेत २ ते ३ दिवस राहून ते पिकतं, आणि पिकल्यावर पुढचे २-३ दिवसच कामाचं असतं. एलएचच्या उसळीपासून मोजलं तर चौथा ते सातवा दिवस हीच खरी वेळ. तुमची मादी १६व्या दिवशी बीजांडं सोडणारी असेल, तर १३व्या दिवसाचं वीर्य फार लवकर पडलं. ताजं वीर्य मादीच्या शरीरात ६-७ दिवस टिकू शकतं, म्हणून अशा चुका कधीकधी निभावून जातात. पण दरवेळी नाही.

पुढच्या माजाला रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासून घ्या. बहुतेक प्राण्यांत हे संप्रेरक बीजांड सुटल्यानंतर वाढतं. कुत्र्याच्या कुळात ते सुटण्याआधीच चढायला लागतं, म्हणून ते आगाऊ सूचना देतं. रक्तस्रावाच्या ५व्या ते ७व्या दिवशी पहिला नमुना द्यावा. आकडा १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर २-३ दिवसांनी पुन्हा. २च्या आसपास आला की एलएचची उसळी चालू आहे असं समजून दिवसाआड तपासणी करावी. ५च्या आसपास, म्हणजे ४ ते १०च्या दरम्यान, बीजांडं सुटतात. तिथून दोन दिवसांनी पहिली मेटिंग आणि चौथ्या दिवशी दुसरी. शीतपेटीतून आलेलं थंड वीर्य असेल तरी हेच गणित चालतं. गोठवलेलं असेल तर ते वितळल्यानंतर जेमतेम एक दिवस तग धरतं, त्यामुळे बीजांडं पिकून झाल्यावरच, सुटल्यापासून दोन-तीन दिवसांनी, ते थेट गर्भाशयात सोडावं लागतं. तिथे एका दिवसाची चूकसुद्धा महागात पडते.

प्रोजेस्टेरॉन माणसाचं आणि कुत्र्याचं एकच, म्हणून माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही ते मोजून मिळतं. मात्र तीन ठिकाणी गाडं अडतं. एक, जेल असलेल्या ट्यूबमध्ये रक्त ठेवलं की आकडा खाली येऊ शकतो. साधी लाल टोपणाची ट्यूब मागा. दोन, रक्त काढल्या काढल्या फ्रिजमध्ये टाकू नका. कुत्र्याचं सीरम वेगळं न केलेलं रक्त पहिल्या दोन तासांत थंड केलं तर प्रोजेस्टेरॉन कमी दिसतं. आधी ते खोलीच्या तापमानाला गोठू द्यावं, सीरम (वर सुटणारं पिवळसर पाणी) वेगळं करावं, मग थंड करावं. तीन, काही लॅब नॅनोमोल प्रति लिटरमध्ये रिपोर्ट देतात. त्याला ३.१८ने भागलं की नॅनोग्रॅम मिळतात. १६ नॅनोमोल पाहून 'वेळ टळली' म्हणून हात टेकणारे मालक असतात, आणि प्रत्यक्षात ते ५ नॅनोग्रॅम असतं, म्हणजे अगदी मोक्याचा दिवस. लॅबही मधेच बदलू नये. दोन मशीनचे आकडे जुळत नाहीत.

योनीतल्या पेशींची स्लाइड स्वस्त पडते आणि पूरक म्हणून उपयोगी आहे. माज चढत जातो तशा पेशी चपट्या, कोनदार आणि केंद्रक हरवलेल्या दिसतात. त्या ८०-९० टक्क्यांवर गेल्या की वेळ जवळ आली. पण बीजांडं नेमकी कोणत्या दिवशी सुटली ते स्लाइड आधी सांगू शकत नाही. ती नंतर सांगते: गोल पेशी एकाएकी परत दिसू लागल्या की बीजांडं सुटून साधारण ६ दिवस झालेले असतात.

एवढं करूनही रिकामी राहिली, तर नराच्या वीर्याची आणि दोघांच्या ब्रुसेलाची (गाभ न राहू देणाऱ्या एका जंतूची) तपासणी करा. ब्रुसेला खरं तर मेटिंगच्या आधीच व्हायला हवी.

प्रश्न : रालामंडळच्या बाजूला शेतालगत खोकडाची जोडी दिसते. पिल्लं दरवर्षी उन्हाळा लागताना दिसतात, नंतर नाहीत. गल्लीतल्या कुत्र्या मात्र पावसाळ्यातही व्यालेल्या असतात. एकाच कुळातले असून असं का? (एक वाचिका, राजेंद्रनगर, इंदूर)

दोघींच्या अंडाशयाचं काम जवळपास एकसारखं चालतं. फरक आहे तो सुरुवात करून देणाऱ्या घड्याळात. कुत्रीचा माज साधारण ७ महिन्यांनी फिरून येतो. कुणाला ५ महिन्यांनी, कुणाला वर्षाने. त्याला ऋतूशी फारसं देणंघेणं नसतं. बसेंजी ही आफ्रिकी जात अपवाद आहे. तिला वर्षातून एकदाच, बहुधा शरद ऋतूत माज येतो.

खोकडाचं घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालतं. डोळ्यांत किती तास उजेड पडतो त्यावर मेंदूतल्या मेलाटोनिनचं प्रमाण ठरतं आणि तिथून पुढे अंडाशयापर्यंत निरोप जातो. आपल्याकडच्या खोकडाची जोडी थंडीत जमते, ५० ते ५३ दिवसांनी बिळात पिल्लं होतात. तुम्हाला ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला दिसतात कारण तेव्हा ती बाहेर खेळण्याएवढी झालेली असतात. संधी हुकली तर पुढची संधी वर्षाने. नराचीही तीच गत: हंगाम सरला की वृषणं लहान होतात आणि शुक्राणू बनणं थांबतं. गल्लीतला कुत्रा मात्र बारा महिने तयार असतो.

उत्तरेकडच्या लाल खोकडात माज त्याहून आवळलेला. वर्षातून एकदा, जानेवारी ते मार्च, आणि मादी नराला उभी राहते ती फक्त १ ते ३ दिवस. गर्भकाळ सुमारे ५२ दिवस. याच जातीचा काळपट-रुपेरी प्रकार फरसाठी पाळला जातो, त्यामुळे तिच्याबद्दल भरपूर माहिती जमली आहे. तिथे दिवस मोजून चालत नाही. योनीत सळई घालून रोज विद्युत-रोध मोजतात. आकडा काही दिवस चढतो, शिखर गाठतो आणि घसरतो. घसरण दिसली की दुसऱ्या दिवशी नर लावायचा. नॉर्वेत १९८०च्या दशकापासून कृत्रिम रेतनाचं वेळापत्रक याच मोजणीवर बेतलेलं असे.

रशियातल्या नोव्होसिबिर्स्कला आनुवंशशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९पासून माणसाळू स्वभावाची खोकडं निवडून पिढ्यान्‌पिढ्या वाढवली. त्यांतल्या काही माद्या ठरलेल्या हंगामाबाहेरही माजावर यायला लागल्या. तरी वर्षातून दोन वेत नीट पार पाडणारी कुत्रीसारखी खोकडं काही तयार झाली नाहीत. निवड केवळ स्वभावाची होती, माजाची नव्हती. हे लक्षात घेतलं तर घड्याळ हललं हीच गोष्ट जास्त बोलकी वाटते.

प्रश्न : मी प्राणिशास्त्र शिकते. कुत्रा आणि खोकड यांच्या गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांची तुलना कुठून सुरू करावी? (एक विद्यार्थिनी, महू)

बीजांडापासूनच करा, कारण साम्य तिथेच सगळ्यात ठसठशीत आहे. दोघांतही अंडाशयातून सुटतं ते प्राथमिक अवस्थेतलं बीजांड. पहिलं अर्धसूत्री (गुणसूत्रं निम्मी करणारं) विभाजन अजून पुरं झालेलं नसतं, केंद्रक शाबूत असतं. कुत्र्याच्या कुळाबाहेर सस्तन प्राण्यांत हे दुर्मीळ आहे. खोकडाबाबत हे १९४०च्या दशकातच नोंदलं गेलं होतं. कुत्रीचं बीजांड चरबीच्या थेंबांनी इतकं गच्च भरलेलं असतं की सूक्ष्मदर्शकाखाली ते काळं दिसतं आणि आतलं केंद्रक शोधताना डोळे दुखतात.

पुढे सगळं निवांत. गाईचा गर्भ चौथ्या-पाचव्या दिवशी ८-१६ पेशींचा असतानाच गर्भाशयात उतरतो. कुत्रीचा गर्भ अंडनलिकेतच मोरुला (पेशींचा भरीव गोळा) किंवा कोवळी ब्लास्टोसिस्ट (आतून पोकळ गोळा) होईपर्यंत थांबतो आणि बीजांडं सुटल्यापासून आठवडा उलटून गेल्यावर, ८व्या ते १०व्या दिवसाच्या आसपास, गर्भाशयात येतो. तिथेही लगेच रुजत नाही. पिटुकल्या पारदर्शक पिशव्या आठवडाभर तरंगत राहतात, गर्भाशयाच्या एका शिंगातून (फाट्यातून) दुसऱ्या शिंगातही जातात आणि सारख्या अंतरावर मांडल्या जातात. म्हणूनच एका अंडाशयाने ६ आणि दुसऱ्याने २ बीजांडं सोडली तरी दोन्ही शिंगांत पिल्लं बरीचशी समान वाटली जातात. रुजणं होतं १६व्या ते १८व्या दिवशी.

लाल खोकडात रुजणं लवकर होतं, समागमानंतर १०व्या ते १४व्या दिवसाच्या दरम्यान. ५२ आणि ६३ दिवसांतल्या फरकाचा काही भाग इथून येतो, बाकीचा पुढच्या वाढीच्या वेगातून. एक गैरसमज पाठ्यपुस्तकांच्या कडेने वावरतो: 'खोकडात गर्भ थांबून राहतो.' अस्वल आणि मिंक यांच्यात तसं होतं. कुत्र्याच्या कुळात गर्भाची वाढ संथ असते, थांबलेली नसते. वार (जार, म्हणजे प्लॅसेंटा) दोघांतही सारखीच, पिशवीला मधोमध वेढणारी पट्ट्याची.

प्रयोगशाळेत या संथपणाचा फार त्रास झाला. माणसाचं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ १९७८चं. कुत्र्याची पहिली तशी पिल्लं २०१५ साली, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात, एकूण ७. बीजांडं एक दिवस जास्त अंडनलिकेत राहू देऊन मग काढली आणि द्रावणात मॅग्नेशियम घातलं, तेव्हा जमलं. दक्षिण कोरियातल्या सोलच्या 'स्नपी' या २००५च्या क्लोन कुत्र्यासाठीही बीजांडं पिकलेली हवी होती, म्हणून ती अंडाशयातून नव्हे, अंडनलिकेतून धुऊन घ्यावी लागली. १,०९५ गर्भ १२३ कुत्र्यांत सोडले. जगलं ते एक पिल्लू.

प्रश्न : आमच्या गावाकडे एका कुत्रीची पिल्लं लांबट तोंडाची, झुपकेदार शेपटीची झाली. लोक म्हणतात खोकडाची आहेत. शक्य आहे का? (एक वाचक, देवास रस्ता)

खोकडाची नाहीत. कुत्र्याची गुणसूत्रं ७८, आपल्याकडच्या खोकडाची ६०, लाल खोकडाची ३४ आणि वर काही चिटुकली जादा. एवढ्या फरकावर असा संकर होत नाही. खोकडाखोकडांतही हे अवघड जातं: फर-उद्योगात रुपेरी खोकड आणि ध्रुवीय खोकड यांचा संकर कृत्रिम रेतनाने करतात आणि तो वांझ निघतो.

कोल्ह्याची शक्यता मात्र उरते. कोल्हा आणि लांडगा यांची गुणसूत्रं कुत्र्याइतकीच, ७८, आणि कोल्ह्याचा गर्भकाळही कुत्रीसारखाच सुमारे ६३ दिवसांचा. मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर वास घेण्यासाठी कोल्हा-कुत्रा संकर मुद्दाम तयार केलेले आहेत. तरी तुमच्या गावच्या पिल्लांचा बाप झुपकेदार शेपटीचा एखादा गावठी कुत्रा असण्याचीच शक्यता जास्त.

ब्राझीलमध्ये २०२१ साली सापडलेल्या 'कुत्रा-खोकड' संकराची बातमी अनेकांनी पाठवली. ती खरी आहे. पण तिथला पंपास खोकड नावापुरताच खोकड; तो दक्षिण अमेरिकेतल्या वेगळ्या शाखेचा, गुणसूत्रं ७४. संकरित मादीची ७६ निघाली.

प्रश्न : कुत्रीला नर लावलाच नाही. तरी दोन महिन्यांनी कासेत दूध आलं आणि ती चप्पल कवटाळून बसते. ढवळीबाई आजारी आहे का? (एक वाचिका, रामबाग, इंदूर)

आजारी नाही, हा खोटा गाभ आहे. गाईत गर्भ नसेल तर अंडाशयातली पिवळी गाठ अडीच आठवड्यांत विरते. कुत्रीत ती गर्भ असो वा नसो, सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन सोडत राहते. शेवटी ते उतरलं की प्रोलॅक्टिन वाढतं आणि शरीर व्यायल्यासारखं वागतं. खोकडातही हेच घडतं.

दूध पिळू नका, शेकू नका; दोन्हींनी ते वाढतं. चाटत असेल तर गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला, कवटाळलेली वस्तू नजरेआड करा. दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. फारच त्रास असेल तर डॉक्टर कॅबरगोलिन देतात, किलोला ५ मायक्रोग्रॅम रोज, ५ ते ७ दिवस. याच काळात उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिलं तर दूध उलट वाढतं, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि दूध असताना नसबंदी करू नका. प्रोजेस्टेरॉन एकदम पडून खोटा गाभ लांबतो. माजानंतर ३-४ महिने थांबावं.

एकच गोष्ट हलक्यात घेऊ नका. माजानंतर महिना-दोन महिन्यांत कुत्री पाणी खूप प्यायला लागली, सुस्त झाली, ओकली, तर गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते. मुख बंद असेल तर बाहेर एक थेंबही दिसत नाही. त्याच दिवशी सोनोग्राफी.

प्रश्न : मेटिंग दोन वेळा, चार दिवसांच्या अंतराने झाली. ६३ दिवस कुठून मोजायचे? (एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

मेटिंगपासून मोजलंत तर ५७ ते ७२, काहीही येऊ शकतं. वीर्य वाट पाहतं, बीजांडही वाट पाहतं. बीजांडं सुटल्यापासून मोजलं तर ६३ दिवस, एक दिवस इकडे-तिकडे. स्लाइडवर गोल पेशी परतलेला दिवस माहीत असेल तर तिथून ५७.

सोनोग्राफी मेटिंगपासून २८-३० दिवसांनी करा. २१व्या दिवशी घाई केली तर कोवळा गर्भ दिसत नाही आणि 'रिकामी' असा शिक्का बसतो. पिल्लं मोजायला एक्स-रे ५५ दिवसांनंतर. हाडं ४५व्या दिवसापासून दिसू लागतात, पण मोजणी चुकते.

शेवटच्या आठवड्यात गुदद्वारातलं तापमान दिवसातून दोन-तीनदा घ्या. एरवी १०१-१०२ अंश फॅरनहाइट असतं. ९९च्या खाली घसरलं की बहुधा एका दिवसात विते. पहिल्या पिल्लाआधी हिरवा स्राव आला तर वार सुटली आहे. हा रंग कुत्रीच्या वारेच्या कडेचाच असतो, पण पिल्लू बाहेर येण्याआधी तो दिसणं धोक्याचं. जोराच्या कळा अर्धा तास देऊनही पिल्लू नाही, किंवा दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त गेले, तरी थेट दवाखाना. जार मोजत राहा, पिल्लाला एक.

प्रश्न : गच्चीवरून सुटून आमची पामेरियन गल्लीतल्या कुत्र्याला लागली. लगेच पाण्याने धुतलं. पुरे का? आणि इंजेक्शन? (एक वाचक, मल्हारगंज, इंदूर)

धुण्याचा उपयोग शून्य. वीर्य तोवर आत गेलेलं असतं. पण घाबरण्याचंही कारण नाही. वर सांगितल्याप्रमाणे गर्भ आठवड्यानंतर गर्भाशयात येतो आणि अडीच आठवड्यांनी रुजतो, म्हणजे विचार करायला सवड आहे. माज संपेपर्यंत तिला आत ठेवा, नाहीतर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होतात. इस्ट्रोजेनचं 'दुसऱ्या दिवशीचं इंजेक्शन' कुणी सुचवलं तर नकार द्या: त्याने अस्थिमज्जा दबते आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. पुढे पिल्लं नकोच असतील तर माज ओसरल्यावर नसबंदी हा सरळ मार्ग. ठरवायला वेळ हवा असेल तर २८-३० दिवसांनी सोनोग्राफी करा. एकदा लागली म्हणजे गाभण राहिलीच असं नसतं.